संगणकाच्या पोटातले पाणी

पाणी आणि वीज यांची गाठ पडू देऊ नये, हे आपल्याकडे कोणी शाळेत शिकत नाही. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसतो आणि तेवढ्यात त्याचा विद्युत्शास्त्राचा पहिला धडा पुरा होतो. असे असताना, ज्या पेटीत लाखभर रुपयांचे नाजूक सामान बसविलेले आहे त्या पेटीतून माणसे आपण होऊन पाण्याच्या नळ्या फिरवितात. त्यांना कोणी तसे सांगितलेले नसते. ती हौसेने करतात, आणि वर त्या नळ्यांना रंगीत दिवे लावून पाहुण्यांना दाखवितात. हे वेड म्हणावयाचे की शहाणपण, याचा निवाडा भीतीने होणार नाही व हौसेनेही होणार नाही. त्यासाठी या पाण्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

कामगार चळवळीतल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे. संगणकाशी चळवळीचा संबंध जुना आहे. १९६० च्या दशकात विमा कर्मचारी संगणकाविरुद्ध उभे राहिले. पुढे स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९७२ साली तिचा अहवाल आला. तेव्हाचा प्रश्न होता, यंत्र माणसाचे काम हिरावून घेईल काय? आज केंदूर, पाबळ, शिक्रापूर या पट्ट्यातील कामगाराच्या घरात तेच यंत्र येऊन बसले आहे. रांजणगावच्या किंवा सणसवाडीच्या कारखान्यात पाळी करणारा बाप मुलाच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकतो. मुलगा सुटे भाग आणून स्वतः संगणक जोडतो. त्यावर यंत्रांचे आराखडे काढतो, चित्रफिती जुळवितो, खेळही खेळतो. या जोडणीत जी रक्कम जाते तिच्यात एक चांगली दुभती म्हैस येते. म्हशीच्या दाव्याची आणि गव्हाणीची जितकी काळजी आपण करतो, तितकी या यंत्राचीही केली पाहिजे. म्हणून हा प्रश्न आमचाही आहे.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. संगणकात जी वीज जाते ती जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. १९९३ च्या सुमारास आलेला पेंटियम प्रोसेसर पंधरा वॉटच्या आसपास वीज घेई, म्हणजे देवघरातल्या झिरोच्या बल्बाइतकीच म्हणा ना. आजचे घरगुती संगणकांतले बलदंड प्रोसेसर भर कामात अडीचशे वॉटपर्यंत जातात आणि चित्रे रंगविणारे ग्राफिक्स कार्ड त्याच्याही पुढे जाते. ही सगळी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर उठते. ती तिथून तत्काळ हलविली नाही तर तुकडा निकामी होतो.

हलविण्याची साधने दोन, हवा आणि पाणी. सारख्या आकारमानाचे पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजारपट उष्णता पोटात घेते. अडीचशे वॉट उष्णता वाहून न्यावयाची असेल आणि हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यावयाची नसेल, तर मिनिटाला सुमारे साडेबाराशे लिटर हवा फिरवावी लागते. तेच काम मिनिटाला एक लिटर पाणी करते आणि स्वतः साडेतीन-चार अंशच तापते. पाण्याचा मोह माणसाला का पडला, ते या दोन आकड्यांत आहे. मात्र पाणी उष्णता गिळून टाकीत नाही, ते केवळ हमाल आहे. प्रोसेसरवरून उचललेले ओझे त्याला रेडिएटरपर्यंत नेऊन तेथल्या हवेच्या स्वाधीन करावेच लागते. वैशाखात खोलीतली हवाच चाळीस अंश असेल तर तिला उष्णता देणारे पाणी चाळीसच्या खाली उतरणार नाही. पाणी घातले म्हणजे बर्फाची लादी ठेवली, हा समज म्हणून खोटा आहे.

पाण्याने यंत्र गार ठेवणे ही गोष्ट आमच्या भागाला नवीन नाही. मोटा मागे पडल्या आणि विहिरींवर डिझेलची इंजिने आली. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात स्थापन झाली आणि तिची इंजिने खेडोपाडी पोहोचली. या इंजिनांपैकी पुष्कळांना पंपाच्याच पाण्यातली एक बारीक नळी दिलेली असे. ते पाणी इंजिनाच्या पोटातून फिरून कोमट होऊन बाहेर धारेने पडे. शेतकरी पाटावर दारे धरीत असला तरी त्याचा एक डोळा त्या धारेकडे असे. धार बारीक झाली की तो धावत येई आणि इंजिन बंद करी. त्याने तापमापक पाहिलेला नव्हता, पण त्याला हे ठाऊक होते की धार थांबली म्हणजे इंजिन जाम होणार. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या व्यवस्थेची सुरक्षितता लोखंडात जितकी होती तितकीच त्या दिसणाऱ्या धारेत आणि तिच्याकडे पाहणाऱ्या माणसात होती.

आता गणकयंत्राकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी आपले स्वतःचे गणकयंत्र बांधले. ते १९६० साली चालू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफरॅक असे ठेवले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. रेडिओतली नळी किती तापते हे ज्यांनी हात लावून पाहिले असेल, त्यांनी अशा सत्तावीसशे नळ्या एका दालनात पेटल्याची कल्पना करावी. त्या काळी उष्णता हा गणकयंत्राचा नित्याचा शत्रू होता. पुढे ट्रान्झिस्टर आले, तेव्हा वाटले की हा शत्रू संपला. पण माणसाची हाव अशी की जागा वाचली की त्याच जागेत तो दुप्पट सामान भरतो. तुकडे लहान झाले, दाटी वाढली, आणि उष्णता पुन्हा दारात उभी राहिली.

तेव्हा मोठ्या यंत्रांनी पाण्याला हाक मारली. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या सिस्टिम ३६० मालेतील ९१ क्रमांकाच्या बलाढ्य यंत्रात पाणी खेळविले. १९८० साली तिने जाहीर केलेल्या ३०८१ या यंत्रात ही कला फार पुढे गेली. शंभरावर चिपा एका चिनीमातीच्या पाटावर बसवीत. प्रत्येक चिपेच्या पाठीवर धातूचा एक लहानसा दट्ट्या टेकलेला असे. भोवतालच्या पोकळीत हेलियम वायू कोंडलेला असे आणि त्या सर्वांच्या वरून गार पाण्याची पाटी जाई. म्हणजे पाणी चिपेच्या जवळ येई, पण तिला शिवत नसे. सोवळे पाळावे तसा हा प्रकार होता. असे यंत्र ज्या कचेरीत जाई तेथे गार पाण्याची व्यवस्था करावी लागे, पाणी वाटणारे वेगळे यंत्र बसवावे लागे आणि कंपनीचा प्रशिक्षित माणूस देखभालीला येई. पाणी एकटे कधीच आले नाही. ते आपला राखणदार बरोबर घेऊन आले.

तरीही गळती चुकली नाही. सेमूर क्रे या अमेरिकन यंत्ररचनाकाराचे क्रे-१ हे त्या काळचे सर्वांत वेगवान यंत्र १९७६ साली बाहेर पडले. त्यात थंडाव्यासाठी, आपल्या शीतकपाटात असतो तसा, फ्रीऑन खेळविला होता. त्या फ्रीऑनमध्ये मिसळलेले वंगणतेल जोडांतून झिरपले, पाट्यांवर त्याचा लेप बसला आणि पाट्यांत शॉर्ट सर्किट होऊ लागले. नळ्या जोडण्याची वेल्डिंगची नवी रीत बसवावी लागली आणि त्यात कित्येक महिने गेले. जगातल्या अत्यंत हुशार लोकांचे यंत्र एका जोडापायी अडले, ही गोष्ट जोडाला क्षुल्लक समजणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९८५ साली त्याच क्रेने दुसरी तऱ्हा काढली. गळतीचीच भीती असेल तर वीज वाहून न नेणारा द्रव घ्यावा आणि सबंध यंत्रच त्यात बुडवावे. क्रे-२ या यंत्राच्या पाट्या फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडालेल्या असत. पाहणाऱ्याला ते मत्स्यालयासारखे दिसे. प्रश्न सुटला असे वाटले. पण अशा द्रवांच्या कुळातील रसायने निसर्गात लवकर विरत नाहीत, पाण्यात व शरीरात साठून राहतात, हे पुढे लोकांना कळून आले. फ्लुओरिनर्ट बनविणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केले की २०२५ अखेर या प्रकारच्या रसायनांचे उत्पादन आपण सोडणार. एका दारातून घालविलेला धोका दुसऱ्या दाराने आत कसा येतो, याचे हे उदाहरण आहे. पेटीतली पाटी सुरक्षित झाली, पण विहिरीचे काय, हा प्रश्न विचारावयाला चाळीस वर्षे लागली.

१९९० च्या दशकात आयबीएमची मोठी यंत्रे कमी विजेच्या चिपांवर आली आणि पाणी मागे हटले. लोक म्हणाले, संपला तो अध्याय. पण नव्या चिपाही तापू लागल्या आणि २००८ साली त्याच कंपनीने पुन्हा पाण्याची यंत्रे काढली. आपल्याकडे पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्याच परंपरेतील परम ब्रह्म हा महासंगणक पुण्यालाच पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत २०१९ साली बसला. त्यात प्रोसेसरच्या थेट पाठीवर पाणी खेळविण्याची योजना आहे. केंदुरातून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापूर्वी जेथे पोहोचतो, तेथे हे पाणी रोज वाहते आहे. मग ते आपल्या घरी का वाहू नये?

याचे उत्तर देण्यापूर्वी या मोठ्या यंत्रांच्या इतिहासातून जे हाती लागले ते मांडून ठेवू. तेथे पाणी विश्वासाचे झाले ते तीन गोष्टींमुळे: राखणदार, नियम आणि जबाबदारी. पाण्याकडे पाहणारा एक नेमलेला माणूस होता. केव्हा तपासावयाचे, काय बदलावयाचे, याचे लेखी वेळापत्रक होते. आणि बिघडले तर भरून कोणी द्यावयाचे हे कराराने ठरले होते. कारखान्यात आम्ही हेच पाहत आलो. बॉयलरमध्ये तर पाणी आणि आग एकत्र नांदतात. ज्या काळी बॉयलर मालकाच्या मर्जीवर चालत त्या काळी ते फुटत आणि माणसे मरत. म्हणून कायदे झाले. १९२३ च्या इंडियन बॉयलर्स ॲक्टने बॉयलरची नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्र ही सबंध देशासाठी सक्तीची केली. २०२५ साली त्या जागी नवा कायदा आला, पण नोंदणी आणि तपासणी हा गाभा तोच राहिला. आम्ही गेली तीस वर्षे अपघातानंतर दोनच प्रश्न विचारीत आलो आहो. पाहण्याचे काम कोणाचे होते? आणि त्याला पाहावयाला वेळ दिला होता काय?

हे दोन प्रश्न घेऊन आता घरात शिरू. १९९० च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जोडून देण्याचा धंदा बहरला. पुढे ही विद्या गावोगाव पसरली आणि ‘असेंबल केलेला’ हा शब्द खेड्यातल्या पोराच्याही तोंडी बसला. त्याच सुमारास, १९९८ नंतर, परदेशातील हौशी मंडळींना एक नाद लागला. स्वस्त प्रोसेसर नेमून दिलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने पळवावयाचा. इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ४५० पर्यंत पळे. पळविला की तो तापे. मग त्यांनी मोटारीच्या हीटरमधली जाळी काढली, मासे पाळण्याच्या टाकीतला पंप घेतला, तांब्याचा ठोकळा कोरला आणि घरच्या घरी पाणी खेळविले. ती कारागिरी वाखाणण्यासारखी होती. पण येथे पाणी प्रथमच राखणदाराशिवाय आले. नेमलेला माणूस नाही, वेळापत्रक नाही, आणि भरून देणाराही कोणी नाही. तिन्ही ओझी एकाच हौशी पोराच्या खांद्यावर पडली.

काय बिघडले? पहिली गोष्ट धातूंची. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आयाबहिणींना शिकवावे लागत नाही. तांब्याचा ठोकळा आणि अल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडले, तर त्या पाण्यात बारीकशी बॅटरीच तयार होते आणि अल्युमिनियम झिजू लागते. त्याचा गाळ बारीक वाटांत साचतो, वाट तुंबते, पुढे जोड झिरपतो. म्हणून पाण्यात गंज अडविणारे औषध घालतात. ती या यंत्राची कल्हई होय, आणि कल्हई जशी उडते तसे हे औषधही काळाने निकामी होते. दुसरी गोष्ट पाण्याची. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही, ही गोष्ट खरी आहे. पण धातूवरून महिनोन्महिने फिरलेले पाणी शुद्ध राहत नाही. ‘डिस्टिल्ड पाणी आहे, गळले तरी काही होत नाही’ असे जे दुकानात सांगतात ते पहिल्या दिवसापुरते खरे मानावे. आणि आमच्या भागातील बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे तर नावच काढू नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीत जे पाणी आपण घालीत नाही, ते संगणकात घालावयाचे कशाला?

मोठ्या कंपन्याही येथे ठेचाळल्या. ॲपल कंपनीने २००४ साली आपल्या पॉवर मॅक जी-५ संगणकाच्या सर्वांत वेगवान जातीत द्रवाची व्यवस्था घातली. काही वर्षांनी त्यांतील पुष्कळ यंत्रांत जोड झिरपून द्रव खाली उतरला आणि पाट्या व वीजपुरवठ्याचा भाग गंजून गेल्याच्या तक्रारी झाल्या. द्रव विषारी नव्हता, आगही लागली नाही. पण यंत्र गेले. पुढे कारखान्यातच भरून मोहोरबंद केलेले संच आले. २००९ साली कोर्सेअर कंपनीचा एच-५० हा संच निघाला आणि ही रीत सर्वत्र रूढ झाली. पंप, ठोकळा, नळ्या आणि रेडिएटर एकत्र बांधलेले, पाणी फुलपात्रात मावेल एवढे, उघडावयाचे नाही, भरावयाचे नाही. आज घरी संगणक जोडणारा जे पाणी घेतो ते बहुधा हेच.

या मोहोरबंद संचांनी गळती फार कमी केली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण त्यांनी ती विहिरीवरची धार झाकून टाकली. रबराच्या नळीतून पाणी थेंबही न गळता वर्षानुवर्षे अदृश्यपणे उडत राहते. आत हवा शिरते. पंपाची चाके झिजतात. म्हणून अशा संचाला आयुष्य आहे, आणि कंपन्या हमी देतात तीही बहुधा पाच-सहा वर्षांची असते. मोहोर म्हणजे अमरपट्टा नव्हे. २०२२ साली आर्क्टिक नावाच्या युरोपीय कंपनीला आढळले की आपल्या एका संचातील रबरी पॅकिंगमध्ये गंधकाचे प्रमाण जास्त राहिले असून ते तांब्याला खाते आहे. कंपनीने ते जाहीर केले आणि पॅकिंग बदलण्याचे सामान ग्राहकांना फुकट दिले. चूक सगळ्यांकडून होते. ती जाहीर करून पदराला खार लावून घेणारा भेटला तर पाण्यावरचा विश्वास वाढतो.

आता जिवाच्या धोक्याचे पाहू, कारण बायाबापड्यांना भीती त्याचीच असते. पंप बंद पडला तर आग लागेल काय? २००१ साली एका जाहीर चाचणीचे चित्रण जगभर गाजले होते. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून थंडाव्याचे साधनच काढून घेतले. एका कंपनीचा प्रोसेसर आपोआप मंदावून जिवंत राहिला, दुसऱ्या कंपनीचा क्षणात धूर सोडून मेला. त्यानंतरच्या वर्षांत स्वतःचा ताप ओळखून मंदावणे व फारच तापल्यास बंद पडणे ही शिस्त सर्वच प्रोसेसरांना लागली. म्हणजे आजचा संगणक पंप थांबला तर सहसा जळत नाही, थांबतो. पंपालाही बारा व्होल्टची वीज पुरते. तिने माणूस मरत नाही. माणसाला मारणारी २३० व्होल्टची वीज पेटीतल्या पॉवर सप्लायपर्यंत येते, आणि तेथे पाणी पोहोचले तर खरा प्रश्न घराच्या अर्थिंगचा आहे. अर्थिंग नसलेल्या घरात पाण्याचा संगणक काय, पत्र्याचा कूलरसुद्धा धोक्याचा, आणि कूलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात आपण वाचतोच. नळीची भीती बाळगणाऱ्याने आधी भिंतीतली हिरवी वायर खरोखर जमिनीपर्यंत जाते काय, ते पाहावे.

काही जण म्हणतील, हवेचाच पंखा बरा, पाण्याची भानगडच नको. त्यांना एक मौजेची गोष्ट सांगतो. आजच्या चांगल्या पंख्याखाली ज्या तांब्याच्या दांड्या दिसतात त्या भरीव नसतात. त्यांच्या पोटात निर्वातात कोंडलेले चमचाभर पाणी असते. ते तापलेल्या टोकाला वाफ होते, गार टोकाला पुन्हा पाणी होते आणि आपोआप परत येते. अमेरिकेत लॉस अलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी सिद्ध केली. तिला पंप नाही, जोड नाही, रबर नाही. तेव्हा भांडण पाणी विरुद्ध हवा असे नाहीच. पाण्याच्या वाटेत हलणारे आणि झिजणारे भाग किती, आणि त्यांची निगा कोण करणार, एवढाच प्रश्न आहे.

आणि जोड कोण आवळतो, हाही प्रश्न आहेच. पाण्याचे सुटे भाग बनविणारी स्लोव्हेनिया देशातील ईके ही कंपनी हौशी मंडळींत फार नावाजलेली. २०२४ साली बातमी आली की तेथल्या कामगारांचे व पुरवठादारांचे पैसे थकले आहेत, आणि कंपनीलाही आपली आर्थिक ओढाताण मान्य करावी लागली. ज्या लोकांनी तिचे महागडे ठोकळे घेतले होते त्यांना त्या दिवशी प्रथमच त्यांमागचा माणूस दिसला. ज्याचा पगार दोन महिने झाला नाही त्याच्या हाताने आवळलेल्या स्क्रूवर आपण लाखाचे यंत्र सोडतो. माल चांगला हवा असेल तर मजुराचे पोट भरलेले हवे, हे आम्ही कारखान्याच्या दारावर ओरडून सांगतो तेव्हा ते घोषणेसारखे वाटते. गळणाऱ्या जोडापाशी ते शास्त्रासारखे वाटेल.

आता आमच्या भागाचा विचार. येथे पत्र्याखालची खोली आहे, उन्हाळा आहे, वाऱ्याबरोबर येणारी शेताची धूळ आहे, केव्हाही जाणारी वीज आहे. वीज गेली तर पंप आणि प्रोसेसर एकदमच थांबतात, म्हणून त्याचे पाण्याला भय नाही. खरा शत्रू धूळ. ती रेडिएटरच्या जाळीत बसली की पाणी असून नसल्यासारखे होते. ज्याचे काम अभ्यासाचे, हिशेबाचे, आराखड्यांचे आहे त्याला पाण्याची गरज नाही. वाफेच्या नळ्यांचा चांगला पंखा पुरतो, तो स्वस्त असतो आणि त्यात बिघडले तर पंखाच बिघडतो, जो डोळ्यांना दिसतो. ज्याचे काम तासन्तास यंत्र पळविण्याचे आहे त्याने मोहोरबंद संच घ्यावा. बसविल्याची तारीख पेटीच्या आतल्या बाजूला खडूने नव्हे, शाईने लिहावी. रेडिएटर पंपापेक्षा उंच ठेवावा, म्हणजे आत साचणारी हवा पंपात न अडकता वर राहते. महिन्याला जाळी झाडावी. पंपाची गती आणि प्रोसेसरचा ताप पडद्यावर दिसतो, तो आठवड्याला एकदा पाहावा. हमी सरली की संच बदलावा, गळण्याची वाट पाहू नये. आणि ज्याला सुट्या नळ्यांची हौस आहे त्याने जोडणी झाल्यावर बाकी सर्व यंत्र बंद ठेवून नुसता पंप एक दिवस चालवावा, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवावा आणि कागद कोरडा राहिला तरच पुढे जावे.

ही शिकवण मिळण्याची जागाही जवळ आहे. शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करीत शिकावे या विचाराने. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या साह्याने २००२ साली तेथे फॅब लॅब उभी राहिली, आणि अमेरिकेबाहेरच्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. ज्या मातीत ही परंपरा आहे तेथल्या पोराने स्वतः संगणक जोडावा, पाणीही खेळवावे. त्याला भिववून परावृत्त करावे असे आम्हांला मुळीच वाटत नाही. त्याने शेतकऱ्याचा तो डोळा मात्र हरवू देऊ नये.

राहिली जबाबदारीची गोष्ट. दुकानदाराकडून संगणक जोडून घेतला आणि गळला, तर दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, आणि कंपनी म्हणते जोडणाऱ्याकडे जा. मध्ये ग्राहकाची फरफट होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने येथे एक वाट काढून दिली आहे. दुसऱ्यांनी बनविलेले भाग जो जोडून देतो, त्यालाही हा कायदा उत्पादक समजतो आणि सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्यावर येऊ शकते. पण हा हक्क पक्क्या बिलावर उभा आहे. चार पैसे वाचविण्यासाठी बिल न घेणारा आपला राखणदार आपल्याच हाताने हाकलून देतो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुकानात जोडणी करणारी पोरे दिवसाला किती पेट्या जोडतात, त्यांना प्रत्येक जोड तपासावयाला वेळ मिळतो काय, हे ग्राहकाने विचारावे. घाईत जोडलेल्या पेटीचा दोष त्या पोराच्या माथी मारून मालकाने मोकळे होऊ नये.

तात्पर्य, पाणी विश्वासघातकी नाही आणि हवा साध्वी नाही. ज्या पाण्याकडे कोणी पाहत आहे ते पाणी विश्वासाचे. पन्नास-साठ वर्षांत या विद्येने द्रव बदलले, धातू बदलले, नळ्या बदलल्या, पण पाहणाऱ्या माणसाला पर्याय शोधून काढलेला नाही. ज्या घरात तो आहे तेथे संगणकात पाणी खुशाल खेळवावे. ज्या घरात तो नाही तेथे पंख्यावर समाधान मानावे, आणि तो पंखाही वर्षातून दोनदा पुसावा.